एमआय-२४ हेलिकॉप्टरचे १/३५ प्रमाणातील मॉडेल: रेझिनचे भाग कुठे वापरावेत आणि कुठे टाळावेत

तासणी (धागालेखक)

मोठ्या प्रमाणातील हेलिकॉप्टर मॉडेलांविषयी येथे अधूनमधून प्रश्न विचारले जातात, परंतु चर्चा बहुधा कोणता संच घ्यावा एवढ्यावरच थांबते. माझ्या टेबलावर सध्या सोव्हिएत बनावटीच्या एमआय-२४व्ही या हल्लेखोर हेलिकॉप्टरचा १/३५ प्रमाणातील प्लास्टिकचा संच आहे आणि त्यासाठी वेगळे घेतलेले रेझिनचे (साच्यात ओतून किंवा छापून केलेल्या कडक राळेचे) भाग आहेत: संपूर्ण कॉकपिट, मुख्य रोटरचे शीर्ष, चाके, इंजिनांच्या तोंडांवरील गोल धूळ-गाळण्या आणि रॉकेटांचे पॉड, म्हणजे रॉकेटे ठेवण्याची नळकांडी. हे सर्व भाग जोडता येतील की नाही, यापेक्षा ते जोडावेत की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि या धाग्याचा विषयही तोच आहे.

प्रथम आकाराविषयी. मूळ हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचा व्यास १७.३ मीटर आहे, म्हणजे १/३५ प्रमाणात तो ४९ सेंटीमीटरांहून थोडा अधिक होतो. काचेच्या नेहमीच्या कपाटाची खोली यापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे रोटर काढता येईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच ठरवावी लागते. धड चिकटवून झाल्यावर ती करणे फार अवघड जाते.

दुसरा मुद्दा ठेवणीचा आहे आणि माझ्या मते तो सर्व रेझिन भागांपेक्षा मोठा आहे. एमआय-२४ समोरून पाहिले तर सरळ उभे नसते. हवेत एका जागी स्थिर असताना हेलिकॉप्टर बाजूला सरकू पाहते, त्याची भरपाई म्हणून या यंत्राचा रोटरदंड धडाच्या तुलनेत अडीच अंश उजवीकडे कललेला आहे. जमिनीवर रोटर पुन्हा समतल राहावा म्हणून चाकांची मांडणी त्यानुसार केलेली आहे, आणि त्याचा परिणाम म्हणून उभे असलेले धड किंचित डावीकडे झुकलेले दिसते. अडीच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु १/३५ मध्ये रोटरची त्रिज्या सुमारे २४७ मिलिमीटर असते आणि तेवढ्या अंतरावर अडीच अंशांचा फरक पात्याच्या टोकाशी जवळजवळ ११ मिलिमीटर भरतो. एवढा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो. उलट, कॉकपिटमधील डावीकडचा एखादा खटका रेझिनचा आहे की संचातला, हे कळायला नाक काचेला लावावे लागते.

म्हणून माझा क्रम असा आहे की आधी धडाची आणि रोटरदंडाची ठेवण साधावी, त्यानंतर जेथे नजर खरोखर थांबते तेथे रेझिन वापरावे आणि उरलेल्या ठिकाणी संचातील प्लास्टिकवर समाधान मानावे. नजर थांबते ती रोटरच्या शीर्षावर, दोन्ही बुडबुड्यांसारख्या काचांच्या आत आणि चाकांवर. रॉकेटांच्या पॉडबाबत माझे मत अजून डळमळीत आहे, जाणकारांनी लिहावे.

वॉटरपेपर

लेख आवडला. मी आजवर रणगाडे केले आहेत आणि रेझिनचा संबंध आला तो केवळ एखाद्या आकृतीपुरता. कॉकपिटचा एवढा मोठा रेझिनचा ठोकळा प्लास्टिकच्या धडात बसवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कृपया सविस्तर लिहावे. दुसरे असे की प्लास्टिकसाठी वापरतो तो पातळ सिमेंट येथे चालेल का?

तासणी

सिमेंट चालणार नाही. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते; ओतीव रेझिन हे पॉलियुरेथेन असते आणि त्यावर त्या द्रावकाचा तसा परिणाम होत नाही. येथे सुपरग्लू किंवा अरल्डाइटसारखे दोन नळ्यांचे इपॉक्सी यांपैकी एक निवडावे लागते. लहान भागांना सुपरग्लू ठीक आहे. कॉकपिटच्या ठोकळ्यासाठी मात्र मी इपॉक्सीच वापरतो, कारण ते घट्ट होईपर्यंत ठोकळा पुढेमागे सरकवून, आडवा-उभा तपासून नेमका बसवता येतो, आणि सुपरग्लू तेवढी सवड देत नाही.

आता बसवण्याची कृती. ओतीव रेझिनच्या प्रत्येक भागाला ओतताना राहिलेले बूड असते. ते पातळ पात्याच्या करवतीने कापावे, परंतु एकदम भागाला लागून कापू नये. थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेले वॉटर पेपरवर पाणी टाकून घासत न्यावे. घासण्याचे काम नेहमी ओलेच करावे. रेझिनची धूळ अत्यंत बारीक असते आणि फुप्फुसात जाणे अजिबात चांगले नाही, त्यामुळे ओले घासतानाही मी एन-९५ मास्क लावतो. त्याआधी सर्व भाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातघासणीने धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर त्यावर रंग धरत नाही आणि मास्किंग टेप काढताना रंगाचा पापुद्राच निघून येतो.

यानंतरचा भाग बहुतेकांना वाटते त्यापेक्षा लांबतो. संचाच्या धडाची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती ३५ने गुणली तर मूळ यंत्रावर पाच सेंटीमीटरांहून जाड पत्रा होतो. रेझिनच्या कॉकपिटला स्वतःच्या भिंती असतात, त्यामुळे दोन भिंती एकमेकींना भिडतात आणि धडाचे दोन अर्धे भाग मिटत नाहीत. येथे रेझिन घासायचे नाही. त्याच्या आतल्या बाजूला तपशील असतो आणि भिंत पारदर्शक होईपर्यंत पातळ केली तर ती वाकते. प्लास्टिकच आतून कोरावे. छोट्या मोटरच्या दंडगोल बिटाने, अगदी कमी वेगात, थांबत थांबत. वेग वाढवला की प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळले जाते. प्रत्येक फेरीनंतर ठोकळा कोरडा बसवून, धड टेपने मिटवून आणि वर काच ठेवून पाहावे. काच ठेवून पाहणे फार महत्त्वाचे आहे, कारण ठोकळा एक मिलिमीटर जरी वर राहिला तरी पायलटच्या आसनाचे डोके काचेला टेकते.

उपकरणपेटी

एक पुरवणी. साच्यातून निघालेले पॉलियुरेथेन थोडे आकसलेले असते. म्हणून रेझिनच्या कॉकपिटची रुंदी आणि संचाच्या धडाची आतली रुंदी यांत ठोकळा लहान पडण्याचीही शक्यता धरून चालावे. तेव्हा कोरण्याआधी मोजपट्टीने नव्हे तर व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या सरकत्या मापकाने, मोजावे. फट राहिली तर प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या बाजूंना लावून ती भरता येते, परंतु विनाकारण कोरलेली भिंत परत मिळत नाही.

आणि तासणी, तुम्ही वजनाचा मुद्दा गाळलात. पुढे एक जोडचाक आणि मागे दोन चाके असलेले मॉडेल शेपटीवर बसण्याची भीती नेहमी असते. येथे रेझिनचे कॉकपिट फायद्याचे ठरते, कारण ते मुख्य चाकांच्या बरेच पुढे येते आणि नाकात भार म्हणून भरायचे वेगळे शिसे कमी लागते. हाच न्याय शेपटीला उलटा लागू होतो: शेपटीच्या टोकाशी रेझिनचा पंखा लावला तर त्याचे वजन थोडे असूनही तरफ मोठी असल्यामुळे त्रास देतो. मागचा तीन पात्यांचा पंखा प्लास्टिकचाच ठेवावा, असे मी सुचवेन.

तासणी

उपकरणपेटी, मान्य. शेपटीचा पंखा मी प्लास्टिकचाच ठेवणार आहे. वाचकांसाठी एक नोंद जोडतो: सुरुवातीच्या एमआय-२४ हेलिकॉप्टरांवर हा पंखा शेपटीच्या उजव्या बाजूला होता आणि नंतर तो डावीकडे हलवण्यात आला. व्ही प्रकारावर तो डावीकडेच पाहिजे. तसेच रशियन हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या उलट. त्यामुळे ज्यांनी आधी ह्युई किंवा कोब्रा केले आहे त्यांच्या हातून पात्यांची जाड, पुढची कड चुकीच्या बाजूला लागण्याचा मोठा संभव असतो. रेझिनच्या शीर्षावर पात्यांचे पाचही दुवे एकसारखे दिसतात, पाते उलटे बसूच नये अशी खाच तेथे नसते.

विदर्भी_ऊन

नागपुरात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एक इशारा लिहितो. पॉलियुरेथेन उष्णतेने मऊ पडते. वाकडा आलेला रेझिनचा भाग आपण गरम पाण्यात बुडवून सरळ करतो, तो याच गुणामुळे. आणि तोच गुण मे महिन्यात आपल्यावर उलटतो. रेझिनच्या पायांवर उभे केलेले जड मॉडेल बंद खोलीत किंवा दुपारी बंद मोटारीत राहिले, तर पाय हळूहळू फाकतात. धक्का बसून तुटले तर जोडता तरी येतात, पण या प्रकारात भाग सावकाश वाकत जातो आणि लक्षात येईपर्यंत रंगाला तडे गेलेले असतात. म्हणून चाके रेझिनची खुशाल वापरावीत, परंतु ज्यावर भार येतो ते पाय धातूचे असावेत किंवा निदान त्यांत पितळेची सळई घातलेली असावी. रेझिनची लांब पाती मी तर घेणारच नाही. एवढे लांब, सडपातळ पाते एका टोकाला धरलेले असते आणि त्याला स्वतःचेच वजन पुरेसे होते.

खाडीकिनारा

काका, पण खऱ्या एमआय-२४ची पातीसुद्धा उभ्या स्थितीत खाली झुकलेलीच असतात ना? मग रेझिन आपोआप झुकले तर बिघडले कुठे?

विदर्भी_ऊन

बिघडते ते सारखेपणाचे, ताई. पाचही पाती एकाच मापाने झुकायला हवीत, आणि उष्णतेने झुकणारे रेझिन असे शिस्तीने झुकत नाही. खिडकीकडच्या बाजूचे पाते अधिक झुकते. झुकाव आपणच द्यावा आणि तो प्लास्टिकच्या पात्यांना द्यावा. लाकडी फळीवर हवी तशी कमान काढून तिच्या कडेने खिळे ठोकावेत, पाते त्यांच्या आधाराने वाकवून टेपने बांधावे आणि गरम पाण्यात बुडवून थंड होईपर्यंत तसेच ठेवावे. पाचही पाती त्याच फळीवर झाली की माप आपोआप सारखे येते. कमान टोकाकडे वाढत जाणारी असावी; मध्येच कोन दिसला तर पाते मोडल्यासारखे वाटते.

जुना_अल्बम

धाग्याच्या विषयाला धरूनच एक विनंती करतो. आपल्या वायुदलाने वापरलेली एमआय-२५ आणि एमआय-३५ ही याच कुळातील निर्यात-रूपे आहेत: एमआय-२५ म्हणजे एमआय-२४डी आणि एमआय-३५ म्हणजे एमआय-२४व्ही. ऐंशीच्या दशकात आलेली एमआय-२५ श्रीलंकेत १९८७च्या ऑपरेशन पवनमध्ये वापरली गेली होती. पुढे २०१५-१६ मध्ये भारताने चार एमआय-२५ अफगाणिस्तानला दिली आणि २०१९ मध्ये १२५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये अपाची हे अमेरिकन हल्लेखोर हेलिकॉप्टर दाखल झाले. तेव्हा या संचातून भारतीय खुणांचे मॉडेल करता येईल का आणि त्यासाठी रेझिनचे कोणते भाग लागतील?

तासणी

एमआय-३५ करायचे असेल तर व्हीचा संच थेट चालतो; रंगयोजना आणि वर्तुळखुणा बदलल्या की झाले, अर्थात ज्या विशिष्ट यंत्राचे मॉडेल करायचे त्याची छायाचित्रे आधी जमवावीत. एमआय-२५ करायचे असेल तर काम वाढते. डी प्रकारावर पंखांच्या टोकांशी फालांगा क्षेपणास्त्रांच्या रुळांसारख्या पट्ट्या असतात, तर व्ही प्रकारावर श्तुर्म क्षेपणास्त्रांच्या नळ्या. नळ्या तशाच ठेवून एमआय-२५ म्हणणे जाणकाराला लगेच खटकेल. या पट्ट्या रेझिनमध्ये मिळाल्या तर उत्तम, अन्यथा प्लास्टिकच्या पट्ट्यांतून त्या घडवणे फारसे कठीण नाही. नाकाखालची चार नळ्यांची १२.७ मिलिमीटरची मशीनगन दोन्ही प्रकारांवर सारखीच आहे. धडाच्या उजव्या कुशीवर दोन नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ दिसली तर ते एमआय-२४पी असते. इंटरनेटवरील छायाचित्रे गोळा करताना ही सरमिसळ पुष्कळ होते.

आणखी एक बाब. इंजिनांच्या तोंडांवरील गोल गाळण्या, एक्झॉस्टवरील मोठे चौकोनी शीतक आणि रोटरच्या मागे बसवलेले अवरक्त किरणांचे दिव्यासारखे उपकरण या वस्तू प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक काळात नसतात. अफगाणिस्तानातील सोव्हिएत मोहिमेच्या काळात, खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून बचाव म्हणून यांपैकी बरेच काही बसवले गेले. रेझिनच्या संचात मिळाले म्हणून सर्वच लावून टाकायचे, ही सवय मला पटत नाही.

ओतकाम

मी घरी ओतकाम करतो, म्हणून चाकांविषयी आणि पॉडविषयी लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत पॉलियुरेथेन ओतण्याचा विचारही करू नये. त्यातील आयसोसायनेट हवेतील ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि भाग आतून पावासारखा सच्छिद्र निघतो. डबा एकदा उघडला की उरलेले द्रव्यही ओलावा धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बंद ठेवले तरी त्याचे आयुष्य मर्यादितच. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला सर्वांत सोयीची.

रॉकेटांच्या पॉडबाबत तासणींचे मत डळमळीत आहे, माझे पक्के आहे. बी-८ पॉडमध्ये ८० मिलिमीटरच्या २० रॉकेटांची तोंडे असतात. संचातील प्लास्टिकच्या पॉडवर ती उथळ खळग्यांसारखी दिसतात, कारण पोलादी साच्यात सरळ बाहेर निघेल एवढेच खोल छिद्र करता येते. रेझिनचा साचा लवचिक सिलिकॉनचा असल्यामुळे खोल छिद्रेही निघतात. त्रिमितीय छपाईत तर ती आरपार खोल मिळतात. तेव्हा येथे पैसे खर्च करावेत.

खाडीकिनारा

त्रिमितीय छपाईच्या रेझिनचा विषय निघालाच आहे तर विचारते. आता बहुतेक नवे भाग छापील येतात. ओतीव आणि छापील यांत निवड करायची असेल तर कोणता निकष लावावा?

ओतकाम

गोलाई आणि भार हे दोन निकष. छापील भागावर थरांच्या बारीक रेषा असू शकतात; सपाट उपकरणफलकावर किंवा आसनाच्या पट्ट्यांवर त्या दिसत नाहीत, परंतु पॉडच्या किंवा चाकाच्या गुळगुळीत गोलाईवर धातुरंग चढताच त्या उठून दिसतात. छापील द्रव्य ठिसूळही असते. छपाईच्या वेळी भागाला आधार देणाऱ्या काड्या कापताना कात्री दाबली की काडीबरोबर भागाचा टवका निघतो. म्हणून भाग कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मग काड्या कापाव्यात, आणि त्याही भागापासून थोड्या अंतरावर. कॉकपिटमधील कांड्या, पायदाने, बंदुकीच्या मुठी यांसाठी छपाईला तोड नाही. चाके मात्र मी अजून ओतीवच घेतो.

तासणी

पॉडचा प्रश्न सुटला. धन्यवाद.

वॉटरपेपर

एक व्यावहारिक शंका. हे भाग परदेशातून मागवले की किंमत दुप्पट होते. आमच्या गटातील एकाने सुचवले की एकाने चाकांचा संच घ्यावा, त्याचा साचा करावा आणि बाकीच्यांनी नकला वाटून घ्याव्यात. हे योग्य आहे का?

ओतकाम

माझ्या मते नाही, आणि हे मी साचे करणारा माणूस म्हणून लिहितो. रेझिनचे संच बनवणारे बहुतेक उद्योग एकदोन माणसांचे असतात. मूळ नमुना घडवण्यात त्यांची सगळी मेहनत असते आणि नकला काढण्यात त्यामानाने काहीच नसते. स्वतः घडवलेल्या भागाच्या हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात. दुसऱ्याच्या भागाची प्रत गटात वाटणे म्हणजे त्याचा पुढचा संच बाजारात येऊ न देणे होय.

उपकरणपेटी

किंमतीच्या तक्रारीत तथ्य आहे, हेही नोंदवायला हवे. लघुप्रमाण मॉडेले सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांबरोबर ९५०३ या शीर्षकाखाली येतात. त्यावरील मूळ शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे कोणते दोन-तीन भाग खरोखर हवेत, हे ठरवण्याची तासणींची पद्धत आपल्याकडे खिशाच्या दृष्टीनेही सोयीची आहे. घरात मिळणाऱ्या वस्तूंकडेही पाहावे. रोटरच्या शीर्षावरील नळ्यांसाठी मोटर वायंडिंगच्या दुकानातील तांब्याची तार वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि ती रेझिनच्या कोणत्याही ओतीव नळीपेक्षा खरी दिसते.

दाबोळी_रस्ता

ज्यांना सोव्हिएत बनावटीचे पत्राकाम प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ असलेले नौदलाचे विमानचालन संग्रहालय पाहावे. तेथे उघड्यावर कामोव्ह-२५ हेलिकॉप्टर आहे. त्याची रोटररचना एमआय-२४हून अगदी वेगळी, म्हणजे एकावर एक दोन रोटरांची आहे, परंतु रिवेटांच्या ओळी, झाकणांच्या कडा आणि उन्हापावसाने फिकट झालेला रंग यांचा अभ्यास हातभर अंतरावरून करता येतो. शेजारी चेतकही आहे. मॉडेलवर रंग जुना दाखवताना आपण बहुधा कडांवर चंदेरी ओरखडे काढत सुटतो. तेथे पाहिले तर पृष्ठभाग मुख्यतः खडूसारखा फिकट झालेला दिसतो आणि ओरखडे अगदी मोजक्या ठिकाणी, पाय पडतो तेथे असतात.

खाडीकिनारा

शेवटची शंका काचांची. सुपरग्लूच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते, हे ऐकले आहे. रेझिनचे कॉकपिट सुपरग्लूने भरलेले असताना वर काच बंद केली तर धोका नाही का? आणि रोटर काढता यावा म्हणून आपण काय योजले आहे?

तासणी

धोका आहे. आतले सर्व सुपरग्लू पूर्ण वाळून त्याची वाफ निघून जाईपर्यंत काच लावायची नाही. मी किमान दोन दिवस धड उघडे ठेवतो. काचेचे भाग त्याआधी पारदर्शक ॲक्रिलिक थरात बुडवून वाळवून घ्यावेत, म्हणजे थोडीफार वाफ उरली तरी पृष्ठभाग धूसर होत नाही. काच चिकटवण्यासाठी पांढरा फेविकॉल पुरेसा आहे. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या बोळ्याने पुसता येतो. पुढच्या दोन्ही सपाट काचा मूळ यंत्रावर गोळीरोधक आणि म्हणून जाड आहेत, तेव्हा संचातील त्या काचांची जाडी पाहून कोणी त्या घासायला जाऊ नये. पायलटचे उजवीकडचे दार मी उघडे ठेवणार आहे, आणि फक्त त्याच दाराची कड आतून घासून पातळ केली आहे.

पावसाळ्यात लॅकर रंग मारताना दमट हवेने पृष्ठभाग दुधाळ होतो, म्हणून काचेच्या चौकटींचे रंगकाम मी पाऊस थांबेपर्यंत बाजूला ठेवले आहे.

रोटरसाठी लोहचुंबक वापरले आहेत. शीर्षाच्या तळाशी एक चपटा निओडिमियम चुंबक, धडातील दंडाच्या बैठकीत दुसरा, आणि बैठकीखाली एका बाजूने झिजवलेली प्लास्टिकची चकती, जिच्यामुळे अडीच अंशांचा उजवा कल येतो. चकती चिकटवण्याआधी मॉडेल त्याच्या पायांवर उभे करून, समोरून आणि मागून, टेबलाशी समांतर ताणलेल्या दोऱ्याशी रोटर ताडून पाहावा. चुंबक बसवताना दोन्हींच्या बाजू पेनाने खुणावून ठेवाव्यात. इपॉक्सी वाळल्यावर ते एकमेकांना ढकलतात असे कळले तर शीर्षाचा तळ पुन्हा कोरावा लागतो.